पियानोच्या स्पीकरला अखेर मंजुरी

गेल्या दसऱ्याला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत बी विंगच्या सातव्या मजल्यावर, माधव शेटे यांनी आपल्या घरच्या पियानोला जोडलेल्या दोन स्पीकरवर एकेक हिरवे स्टिकर लावले. स्टिकरवर ‘ओके’ असे छापलेले होते आणि खाली सही होती. पियानो घरात येऊन तेव्हा दोन वर्षे आणि चार महिने झाले होते. या काळात शेटे यांनी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांच्या एकूण बेचाळीस चाचण्या घेतल्या. एकेचाळीस नापास झाल्या.

शेटे माझे शेजारी. त्यांचा दिवाणखाना आणि माझा दिवाणखाना यांच्यामध्ये एकच भिंत, त्यामुळे बहुतेक चाचण्या मी भिंतीपलीकडून ऐकल्या आणि पाच-सहा प्रत्यक्ष पाहिल्या. उरलेला तपशील त्यांच्या रजिस्टरमधला आहे. ते त्यांनी आपण होऊन मला वाचायला दिले आणि वाचून झाल्यावर शेवटच्या पानावर ‘वाचले’ अशी माझी सही घेतली.

चाकणला गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत ते एकतीस वर्षे होते. त्यातली शेवटची अठरा आवाज-तपासणीचे प्रमुख म्हणून. काम असे: जाड फोमने मढवलेली एक खोली, आत फिरणारा गिअरबॉक्स, बाहेर काचेशी शेटे. आवाज आला की नापास, नाही आला की पास. ज्या माणसाने सारी नोकरी गप्प बसणाऱ्या वस्तू पास करण्यात घालवली, त्याच्यावर निवृत्तीनंतर आवाज करणारी वस्तू निवडण्याची वेळ आली. ती त्यांनी त्याच पद्धतीने निवडली.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक लांब स्क्रू ड्रायव्हर असे. त्याचे टोक चालू यंत्राला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची ऐकण्याची रीत. सोसायटीची लिफ्ट, पाण्याचा पंप, शेजाऱ्यांचे फ्रीज, सगळे त्यांनी असे ऐकले होते. माझ्या स्कूटरला एकदा स्क्रू ड्रायव्हर लावून ते म्हणाले, ‘‘मागच्या चाकाचं बेअरिंग. तीन महिने.’’ बेअरिंग आठ महिन्यांनी गेले. मी तसे सांगितल्यावर म्हणाले, ‘‘तुम्ही गाडी कमी चालवलीत.’’

घरात मिक्सर, इस्त्री, गिझर आणि दारावरची बेल यांना हिरवे स्टिकर होते. देवघरातली घंटा मात्र त्यांनी दोनदा नापास केली होती. वाजवल्यावर तिचा आवाज अकरा सेकंद रेंगाळत होता.

कुणी काही सांगायला लागले की शेटे हात वर करत. ‘‘मत नको, आकडा सांगा.’’ वॉचमन म्हणाला की आज पाणी कमी आले, तर किती इंच कमी. मी म्हणालो की आजकाल झोप लागत नाही, तर किती वाजल्यापासून. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीची बोटे तपासून ‘थोडी सूज आहे’ म्हटले, तेव्हाही त्यांनी थोडी म्हणजे किती मिलिमीटर, असे विचारले. डॉक्टरांकडे आकडा नव्हता. शेटे घरी आले आणि कंपनीतून निरोपाच्या वेळी मिळालेला व्हर्निअर त्यांनी कपाटातून काढला. त्या दिवसापासून दर रविवारी ते निर्मलाताईंच्या उजव्या हाताच्या बोटांचे सांधे मोजत आणि रजिस्टरमध्ये लिहीत.

निर्मलाताई चिंचवडच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवत. सकाळची प्रार्थना त्यांच्या पेटीवर होई. नोकरीच्या उत्तरार्धात शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दर वर्षी त्या एका नव्या गाण्याला चाल लावत. अशा सतरा चाली झाल्या. एकही कागदावर नव्हती. कुणी म्हटले, स्वरलिपी लिहून ठेवा, तर त्या म्हणत, ‘‘लिहिली की माझी चाल सरकारी होते.’’ गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे वरचे सूर लागायचे बंद झाले, तेव्हा या चाली फक्त बोटांत राहिल्या. मग संधिवात सुरू झाला. डावे मनगट आधी गेले, पेटीचा भाता ओढणे थांबले. उजवा हात किती दिवस चालेल हे डॉक्टरांनी सांगितले नाही. चालणार नाही, एवढे सांगितले.

हैदराबादला असलेली त्यांची मुलगी मेघना हिने त्याच महिन्यात पियानो पाठवला. पियानो डिजिटल होता, आत तारा नाहीत. त्याची खुबी अशी की कुणी वाजवले की ते तो साठवून ठेवतो आणि नंतर कोणी समोर न बसता, पट्ट्या आपल्या आपण खाली-वर करून, तसेच वाजवून दाखवतो. भाता नाही, डाव्या हाताचे काम नाही. आईने एकेक चाल वाजवायची, पियानोने ठेवून घ्यायची. मुलीचा हिशेब एका आठवड्याचा होता.

पियानो आला त्या दिवशी मी तिथे होतो. निर्मलाताई स्टुलावर बसल्या आणि उजव्या हाताने त्यांनी एक प्रार्थना वाजवली. डावा हात सवयीने हवेतल्या हवेत भाता ओढत होता.

‘‘डावा हात आयडल चाललाय,’’ शेटे म्हणाले.

‘‘तीस वर्षं तोच कामाला होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘असू द्या.’’

‘‘आवाज कसा वाटतो?’’

‘‘छान आहे की. जरा पातेल्यात तोंड घालून गायल्यासारखा येतोय, पण चालेल.’’

‘जरा’ आणि ‘चालेल’ हे दोन शब्द त्यांनी त्या घरात एकाच वाक्यात वापरायला नको होते.

‘‘चालेल म्हणजे? पास की नापास?’’

‘‘अहो, परीक्षा आहे का ती?’’

शेटे गुडघ्यांवर बसले, मग पालथे झाले आणि पियानोखाली शिरले. बाहेर आले ते निदान घेऊनच. पियानोचे स्वतःचे स्पीकर तळाशी होते आणि त्यांची तोंडे फरशीकडे होती. ‘‘बाहेरून स्पीकर जोडावे लागतील. ॲम्प्लिफायर बघावा लागेल. आधी आवाज पास करू, मग रेकॉर्डिंग.’’

‘‘रेकॉर्डिंग आजपासून करायला काय हरकत आहे?’’

‘‘पहिला पीस पास झाल्याशिवाय लाइन चालू करत नाहीत, निर्मला. पहिला चुकला की सतरा चुकतात.’’

निर्मलाताईंना वाटले, मोबाइलवर रेकॉर्ड करताना पंख्याचाही आवाज येतो, तसेच इथेही वाईट स्पीकर असेल तर वाईटच साठवले जात असणार. नवऱ्याला यातले कळते, असाही त्यांचा समज होता. त्या स्टुलावरून उठल्या.

दुकानदाराने पहिल्याच आठवड्यात दोन छोटे स्पीकर पाठवले. बुटाच्या खोक्याएवढे, ॲम्प्लिफायर त्यांच्या पोटातच. पियानोतून दोन वायरी काढून लावल्या की झाले. ‘‘घरच्या हॉलला हेच लावा काका, बाकी कशाच्या मागे लागू नका,’’ असे त्याने फोनवर सांगितले होते. निर्मलाताईंनी वाजवले आणि म्हणाल्या, ‘‘आता कसं मोकळं वाटतंय.’’ शेटे यांनी हात वर केला. वाजवणे थांबल्यावर स्पीकरमधून बारीक गुणगुण येत होती. फूटभर अंतरावर कान नेल्यावर ती ऐकू येई. त्यांनी कान फूटभर अंतरावर नेला होता. रजिस्टरमधली पहिली नोंद अशी आहे: ‘चाचणी १. भुंग्यासारखा आवाज. नापास.’

यानंतर पद्धत ठरली. कंपनीत जमिनीवर मारतात तशी पिवळी पट्टी शेटे यांनी दिवाणखान्यात मारली आणि ऐकण्याच्या नऊ जागा आखल्या. सोफा चौथ्या जागेवर आला. पाहुणा आला की त्याला एक जागा मिळे. मी सहसा सहावर असे. निर्मलाताई आपल्या सतरा चालींपैकी जी हाताला येईल ती वाजवत आणि पियानो ती साठवून घेई. मग त्यांना उठवून पियानोला आपल्या आपण वाजायला लावत. म्हणजे प्रत्येक स्पीकरला तेच वाजवणे, तसेच्या तसे. मधल्या वेळात शेटे हातात आवाज मोजायचे यंत्र घेऊन एक ते नऊ फिरत. पट्ट्या आपोआप दबत असत आणि गृहस्थ मोजे घालून पाय न वाजवता हिंडत असे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला घरात काहीतरी झाले आहे असे वाटे.

चाचणी संपली की साठवलेली चाल ते पुसून टाकत. हाही कारखान्याचा नियम. मशिन लावताना जे पीस निघतात ते लाल डब्यात टाकून मोडायचे असतात. चांगल्या मालात मिसळले तर गोंधळ होतो.

‘‘राहू दे की एखादी,’’ निर्मलाताई एकदा म्हणाल्या. ‘‘आजची बरी झाली होती.’’

‘‘सेटिंगचा पीस आहे तो. गिऱ्हाइकाला देत नाहीत.’’

‘‘गिऱ्हाईक कोण इथं?’’

शेटे यांनी बटण दाबले.

त्या पावसाळ्यात बिनतारी स्पीकर आला. त्यात गुणगुण नव्हती, पण पट्टी दाबल्यावर आवाज किंचित मागून येत होता. निर्मलाताई चार ओळी वाजवून थांबल्या. ‘‘सहावी ब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी पुढे, वर्ग मागे. आयुष्यभर हेच ऐकलं, आता घरात नको.’’ शेटे यांनी उशीर मोजला, तो लिहिला आणि नापास केला. बेचाळीसमधला हा एकच निर्णय दोघांच्या एकमताने झाला.

हिवाळ्यात वेगळा ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन उभे स्पीकर आले. ते सुरू झाल्यावर खालच्या सुरांना कुठेतरी काचेसारखे तडतडायला लागले. शेटे यांनी स्पीकर बंद केले, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि खोलीतली प्रत्येक वस्तू ऐकली. दोन दिवसांनी उगम सापडला: शोकेसमधल्या ढाली आणि चषक. निर्मलाताईंच्या मुलींनी समूहगायनात मिळवलेले आणि शाळेने त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट दिलेले. शेटे यांनी ते एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पलंगाखाली ठेवले. माझ्याच वर्तमानपत्रात. शोकेस रिकामे झाल्यावर तडतड थांबली, तेव्हा खिडकीची काच ऐकू यायला लागली. खिडकीची काच काढता येत नाही म्हणून स्पीकर नापास झाले. चषक पलंगाखालीच राहिले.

मेघनाचा फोन दर रविवारी संध्याकाळी येई. ‘‘बाबा, किती झाल्या?’’

‘‘सिस्टीम फायनल होतेय.’’

‘‘बाबा, आईची बोटं...’’

‘‘मधलं बोट, दुसरा सांधा, साडेतीन मिलिमीटरनं वाढलाय. लिहून ठेवलंय मी.’’

त्यांनी खरोखरच लिहून ठेवले होते. रजिस्टरच्या डाव्या पानावर स्पीकरच्या चाचण्या आहेत आणि उजव्या पानावर बोटांची मापे. दोन्हींचे आलेख आहेत. डाव्या पानावरची रेघ दोन वर्षे जागची हललेली नाही. उजव्या पानावरची चढत गेलेली आहे. शेटे यांना ही दोन पाने एकमेकांसमोर आहेत हे माहीत नव्हते, असे म्हणता येणार नाही. ती त्यांनीच आखली होती.

घाई का करत नाही, असे मी त्यांना एकदा जिन्यात विचारले. त्यांनी नेहमीसारखा हात वर केला नाही. ‘‘बघा,’’ ते म्हणाले, ‘‘तिच्या हातचं हे एवढंच राहणार आहे. उद्या कुणी ऐकलं आणि जरा बरं आहे म्हणालं, तर? जरा म्हणता कामा नये.’’ मग त्यांनी जिन्यातल्या दिव्याच्या चोकला स्क्रू ड्रायव्हर लावला.

दुसऱ्या वर्षाचे पाच महिने गुणगुणीत गेले. बिनतारी सोडून ज्या कुठल्या स्पीकरची तार पियानोला लागे, त्यात ती होतीच. शेटे यांनी निष्कर्ष काढला की इमारतीचे अर्थिंग सदोष आहे, आणि तो विषय त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडला. लिफ्ट तेव्हा आठ दिवस बंद होती.

‘‘शेटेकाका, आधी लिफ्टवर बोलू का?’’ चेअरमन म्हणाले.

‘‘लिफ्ट बंद आहे म्हणजे तिचा आवाज शून्य आहे. त्यात बोलण्यासारखं काही नाही.’’

‘‘काका, सातव्या मजल्यावर तुम्हीच राहता ना राव?’’

‘‘चढतो मी. एकशे चव्वेचाळीस पायऱ्या.’’

सभेला आकड्यांनी नमवण्याची कला त्यांच्याकडे होती. त्यांनी एकवीस पानांचे टिपण वाटले आणि ते वाचून दाखवायला सुरुवात केली. सातव्या पानावर ठराव एकमताने मंजूर झाला. पार्किंगच्या कोपऱ्यात अर्थिंगचा नवा खड्डा खणला गेला, त्यात मीठ आणि कोळसा पडला, वर झाकण बसले, झाकणावर हिरवे स्टिकर लागले. शेटे वर आले आणि त्यांनी गुणगुण मोजली. फरक: शून्य.

पिंपळे गुरवचे बापू या गोष्टीत येतात ते इथे. बापूंचा साउंडचा धंदा. लग्ने, जत्रा, गणपती. गाव जुने, माणूसही जुना. त्यांची मुलगी निर्मलाताईंच्या हाताखाली शिकलेली, म्हणून बाईंच्या घरी सहज आले होते. आषाढ होता, त्यांना कामही नव्हते. शेटे यांनी त्यांना सात नंबरच्या जागेवर उभे केले.

‘‘ऐकू येतोय भुंगा?’’

‘‘व्हय, येतोय की.’’

‘‘पाच महिने शोधतोय. इमारतीचं अर्थिंग बदललं.’’

बापूंनी वायरींवरून डोळे फिरवले आणि पियानोच्या मागे खोचलेली एक वायर दोन बोटांत धरली. ‘‘ह्यो कुणाचा हाय?’’

‘‘माझा लॅपटॉप. भुंगा मोजायला लावलाय. पहिल्या दिवसापासून जोडलेलाच असतो.’’

बापूंनी वायर उपटली. दिवाणखाना शांत झाला.

‘‘न्हाई आता,’’ बापू म्हणाले.

निर्मलाताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांचे हसणे स्वयंपाकघरातून बराच वेळ येत होते, मला भिंतीपलीकडेही ऐकू आले. शेटे यांनी मात्र त्या दिवसाची नोंद कोरडेपणाने केली आहे: ‘मूळ कारण सापडले. मापन-साधन.’ मग त्यांनी दुकानदाराला फोन करून पहिल्या आठवड्यातले ते दोन छोटे स्पीकर परत मागवले. त्यांच्या नव्याने सात चाचण्या झाल्या. स्टँडची उंची, भिंतीपासूनचे अंतर, तोंडाचा कोन. भाद्रपद संपता संपता शेटे यांना काढायला खोट उरली नाही. मंजुरी दसऱ्याला द्यायचे ठरले.

त्या पावसाळ्यात निर्मलाताईंच्या उजव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका वाकायची बंद झाली. उजव्या पानावर तशी नोंद आहे.

दसऱ्याला सकाळी पियानोला झेंडूचा हार होता आणि स्पीकरला हळदकुंकू, कंपनीत मशिनला करतात तसे. बापूंना मुद्दाम बोलावले होते. मी सहावर उभा होतो. अकरा दहाला स्टिकर लागले. पेढे फिरले.

‘‘मग बाई,’’ बापूंनी विचारले, ‘‘किती चाली भरून झाल्या?’’

‘‘एकही नाही हो. आता सुरू करायच्या. स्पीकरच नव्हते ना पास.’’

‘‘स्पीकरचं काय काम हाय त्यात?’’

‘‘म्हणजे?’’

बापूंनी पेढ्याचा हात रुमालाला पुसला. पियानोचा आवाज पार बंद केला, दोन्ही स्पीकरच्या वायरी काढल्या, रेकॉर्डिंगचे बटण दाबले आणि जाड बोटाने तीन पट्ट्या दाबल्या. काहीच ऐकू आले नाही. मग वायरी लावून, आवाज वाढवून त्यांनी पियानोला वाजायला सांगितले. त्याच तीन पट्ट्या आपोआप खाली गेल्या आणि तीन सूर स्वच्छ आले.

‘‘ह्ये बघा. मुका असताना वाजवलं, तरी आता बोलतंय. ह्ये आवाज धरत न्हाई बाई, हात धरतंय. कुठली पट्टी, कवा, किती जोरात, एवढंच. स्पीकर नंतर कवाबी बदला.’’

निर्मलाताईंनी नवऱ्याकडे पाहिले. ‘‘तुम्हाला ठाऊक होतं?’’

‘‘हो. मॅन्युअलमध्ये आहे. पान अडतीस.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्या दिवसापासून. पण मुद्दा तो नाही, निर्मला. लाइन मंजूर नसताना माल काढायचा...’’

‘‘रजिस्टर द्या इकडं.’’

त्यांनी ते मांडीवर घेतले आणि तळहाताने पाने उलटली. मधूनमधून वाचत होत्या, शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात. ‘‘चाचणी नऊ. नमुना, चाल अकरा. बास जास्त. नमुना नष्ट. चाचणी दहा. नमुना, चाल तीन. नमुना नष्ट. चाचणी चौदा...’’ बापू हातातला रुमाल खिशात कोंबून वायरींकडे पाहत उभे राहिले.

‘‘सतराच्या सतरा वाजवल्या होत्या मी,’’ निर्मलाताई म्हणाल्या.

‘‘प्रत्येकी किमान दोनदा,’’ शेटे म्हणाले. ‘‘चाल सहा, चार वेळा.’’



‘‘एकतीस वर्षं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्या कंपनीनं तुम्हाला ठेवून कसं घेतलं हो?’’

निर्मलाताईंनी रजिस्टर मिटून बापूंच्या हातात दिले, स्टूल पुढे ओढले आणि म्हणाल्या, ‘‘दाबा बटण.’’

अंगठा, तर्जनी आणि करंगळी, एवढीच बोटे कामाची होती. त्यांनी संथ चाली निवडल्या. दोन नंबरची तिसऱ्या प्रयत्नात झाली. सहा आणि चौदा होईपर्यंत पाऊण वाजला. मग त्यांनी अकरावी सुरू केली. ती जलद होती. कडव्यानंतर पाच बोटांनी एकामागून एक उतरायची जागा तिच्यात होती. तिथे हात एकदा अडला, पुन्हा मागून आला, पुन्हा अडला. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. पियानोच्या पडद्यावर ठेवायचे की पुसायचे, हा प्रश्न आला.

शेटे यांचे बोट पडद्यापाशी होते. ‘‘काय करू?’’ त्यांनी विचारले.

‘‘ठेवा.’’

त्यानंतरचे पंधरा दिवस त्या रोज सकाळी बसत होत्या. कार्तिकात डॉक्टरांनी औषध बदलले. पिवळी पट्टी शेटे यांनी स्वतः खरवडून काढली. तिचा गोंद फरशीवर राहिला. पलंगाखालचे चषक परत शोकेसमध्ये गेले. रविवारची मापे बंद झाली. रजिस्टरमध्ये दसऱ्यानंतर नोंद नाही.

हे लिहिण्यापूर्वी मी निर्मलाताईंच्या दोन माजी विद्यार्थिनींशी बोललो. एक ताथवड्याला राहते, एक बापूंची मुलगी. दोघींना अकराव्या चालीचे शब्द पाठ आहेत. चाल विचारल्यावर दोघींनी गाऊन दाखवली. दोन वेगळ्या चाली होत्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शेटे दांपत्य मुलीकडे हैदराबादला राहायला गेले. सामान उतरवण्याच्या दिवशी लिफ्ट चालू होती, पण पियानो तिच्यात मावला नाही. चार माणसांनी तो जिन्याने उतरवला. शेटे एक पायरी पुढे उलटे चालत होते आणि प्रत्येक वळणावर ‘‘सरळ ठेवा, सरळ ठेवा’’ म्हणत होते. निर्मलाताई आधीच खाली गाडीत बसल्या होत्या. तळमजल्यावर पियानो टेकवल्यावर शेटे भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

‘‘शेवटी किती झाल्या?’’ मी विचारले.

‘‘तीन,’’ ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘आणि एक मिनिट बावन्न सेकंद.’’

मेघनाने हैदराबादहून फोनवर या आकड्याला दुजोरा दिला. पियानो तिथे चालू स्थितीत पोहोचला आहे. त्याच्या साठ्यात चार फाइली आहेत. चौथी एक मिनिट बावन्न सेकंदांवर थांबते.